इंजिनाची नियंत्रक पेटी : ओळख आणि निवड



चिटणीसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी श्रमसंहितांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटले, "ह्या खेपेस मोटारीतल्या एका पेटीवर बोलतो." ते हसले. आपल्यापैकीही काही जण आता हसत आहेत. हरकत नाही. मलाही दोन वर्षांपूर्वी कोणी हा विषय सुचविला असता तर मी हसलोच असतो.

मी नववीपर्यंत शिकलेला माणूस आहे. एकोणिसाव्या वर्षी मोटारींच्या वायरी बांधण्याच्या कारखान्यात लागलो. मोठ्या फळ्यावर खुंट्या ठोकलेल्या असतात. त्यांच्यामधून रंगीबेरंगी वायरी ओढायच्या, टेप गुंडाळायची, टोकांना कपलर बसवायचे. अशा जुडग्याला हार्नेस म्हणतात. प्रत्येक हार्नेसचे सर्वांत जाड टोक एका पेटीकडे जात असे. त्या पेटीत काय असते हे मला कोणी सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही बारा वर्षांत कोणाला विचारले नाही. पुढे युनियनच्या कामात पडलो आणि वायरी सुटल्या. पेटीत काय आहे हे विचारण्याची पाळी आली ती माझ्या भाच्यामुळे.

हा मुलगा चिपळूणचा. आय.टी.आय. करून काही वर्षे पुण्यात काम केले आणि मग न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला एका गॅरेजात लागला. त्या देशात १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयातीचे निर्बंध सैल झाले आणि जपानमधून वापरलेल्या मोटारी बोटी भरभरून येऊ लागल्या. जपानप्रमाणे तेथेही गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, त्यामुळे सुकाणू बदलण्याचा प्रश्न नव्हता. त्या गाड्यांबरोबर तिकडच्या हौशी लोकांनी केलेले फेरफारही आले. एके दिवशी पहाटे साडेचारला माझा फोन वाजला. तिकडे दुपारचे बारा वाजले होते. "मामा, गिऱ्हाइकाच्या गाडीचं इंजिन गेलं. मालक म्हणतो चूक माझी. पगारातून कापून घेणार."

चौकशीची कामे मी आयुष्यभर केली आहेत. पहिला नियम असा की, आरोप काय हे समजल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही. आरोप समजण्यासाठी मला ती पेटी समजून घ्यावी लागली. ते जे समजले तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

पेटी करते काय?

पेट्रोलच्या इंजिनात दोन गोष्टींचा हिशेब सतत करावा लागतो. आत आलेल्या हवेला पेट्रोल किती द्यायचे, आणि ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पाडायची. पूर्वी पहिले काम कार्ब्युरेटर करी आणि दुसरे डिस्ट्रिब्यूटर. मिस्त्री कान लावून, स्क्रू पाव आटा फिरवून दोन्ही जुळवीत असे. आता ही दोन्ही कामे ही पेटी करते. तिला गॅरेजात ई.सी.यू. किंवा ई.सी.एम. म्हणतात.

कामाचा वेग पाहा. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा ठिणगी पडते, म्हणजे एकूण ३००. एवढ्या वेळात पेटी गुणाकार-भागाकार फार करीत बसत नाही. पगाराच्या दिवशी कारकून जसा तयार कोष्टकावर बोट ठेवून आकडा काढतो, तसे तिचे असते. कोष्टकाच्या एका बाजूला इंजिनाचे फेरे आणि दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, म्हणजे आत किती हवा येते ते. दोन्ही रेघा जेथे मिळतात त्या घरात पेट्रोलचा किंवा ठिणगीचा आकडा लिहिलेला असतो. अशा कोष्टकाला मॅप म्हणतात. अपेक्सी ह्या जपानी कंपनीच्या 'पॉवर एफ.सी.' नावाच्या पेटीत हे कोष्टक २० गुणिले २०, म्हणजे ४०० घरांचे असते. त्या घरांतले आकडे बरोबर भरणे ह्यालाच ट्यूनिंग म्हणतात.

चुकीच्या आकड्याने काय होते? एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. टर्बोच्या इंजिनावर पूर्ण जोर असताना पेट्रोल मुद्दाम जास्त देतात, म्हणजे साडेअकरा-बारा भाग हवेला एक भाग. जास्तीचे पेट्रोल आतील उष्णता कमी करते. ठिणगीचे तसेच आहे. जोर जितका जास्त तितकी ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. ती फार लवकर पडली, तर ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकते. इंजिनातून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग. मोठ्या जोरावर ते काही क्षण टिकले तरी पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. माझ्या भाच्याच्या हातावर जे इंजिन मोडले त्याचे दोन पिस्टन नेमके असेच तुटले होते.

पेटी बदलावी का लागते?

कारखान्यातून आलेल्या पेटीतील कोष्टक हे त्या कारखान्याने बसविलेल्या इंजेक्टरांसाठी, त्याच टर्बोसाठी आणि त्याच देशातल्या पेट्रोलसाठी भरलेले असते. जपानी मोटार कंपन्यांनी १९८९ पासून एक अलिखित संकेत पाळला की, देशात विकायच्या गाडीची ताकद २८० अश्वशक्तीहून अधिक जाहीर करायची नाही. तो २००४ पर्यंत टिकला. वेगही १८० किलोमीटरवर पेटीतूनच अडविलेला असे. पण ह्या गाड्यांच्या इंजिनांत जाहीर आकड्यापेक्षा पुष्कळ सोसण्याची ताकद होती. १९८९ ची निसान स्कायलाइन जी.टी.आर., १९९३ ची टोयोटा सुप्रा, १९९१ ची माझ्दा आर.एक्स.७, १९९२ पासूनच्या मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारू इम्प्रेझा डब्ल्यू.आर.एक्स. ही नावे जगभरच्या हौशी मंडळींना पाठ असतात, त्याचे कारण हेच.

टर्बो मोठा केला की हवा जास्त येते. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणून इंजेक्टर मोठे. आता कारखान्याच्या पेटीला हे कोणी सांगायचे? तिच्या समजुतीने जुनेच इंजेक्टर आहेत. शिवाय हवेचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर पुष्कळ पेट्या इंजिन वाचविण्यासाठी पेट्रोलच तोडतात. तेव्हा कोष्टक तरी बदलले पाहिजे, नाही तर पेटी.

चार प्रकार

बाजारात ज्या पेट्या आणि उपाय मिळतात त्यांची चार प्रकारांत विभागणी करता येते.

पहिला प्रकार म्हणजे मूळ पेटी तीच ठेवून आतील कोष्टक बदलणे. १९९० च्या दशकातल्या पेट्यांत हे कोष्टक एका चिपमध्ये असे. ती काढून दुसरी बसवीत. निसानच्या अशा पेट्यांसाठी ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या 'निसट्यून'ने जोडपट्टी काढली. त्यानंतरच्या सुबारू, मित्सुबिशी वगैरे गाड्यांत चिप काढावी लागत नाही. गाडीच्या तपासणीच्या कपलरमधूनच नवे कोष्टक आत लिहिता येते. इंग्लंडचे 'ईक्यूटेक', अमेरिकेचे 'कॉब' आणि होंडासाठी 'होंडाटा' ही त्या कामातली नावे. गाडीत फेरफार बेताचे असतील तर हा मार्ग स्वस्त आणि सभ्य आहे.

दुसरा प्रकार म्हणजे मूळ पेटी आणि सेन्सर ह्यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसवणे. ह्याला पिगीबॅक म्हणतात. हा मध्यस्थ हवेच्या सेन्सरकडून आलेला निरोप बदलून पेटीला सांगतो. पेट्रोल कमी हवे असेल तर "हवा कमी आली" असे खोटे सांगायचे. किंमत कमी, बसवायला सोपे. पण धोका असा की, हवेचा आकडा फक्त पेट्रोलसाठी वापरला जात नाही. ठिणगीही त्याच आकड्यावरून ठरते. हवा कमी असे ऐकले की पेटी समजते भार हलका आहे, आणि ठिणगी लवकर पाडते. प्रत्यक्षात इंजिनावर तर पूर्ण जोर असतो. थोड्या फेरफाराला हे चालते, मोठ्याला चालत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे मूळ पेटी काढून त्याच कपलरात बसणारी दुसरी पेटी लावणे. मघाची पॉवर एफ.सी. ह्याच जातीची. तिला हातात मावेल असा छोटा फलक जोडतात, त्यावर आकडे पाहता आणि बदलता येतात. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या 'लिंक' कंपनीचे काही नमुने तर मूळ पेटीच्या खोक्यातच बसतात. फक्त आतील पट्टी बदलते. जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजिनोमिया गावी 'एच.के.एस.' नावाची कंपनी आहे, १९७३ साली निघालेली. तिची 'एफ-कॉन व्ही प्रो' ही सोनेरी रंगाची पेटी त्या जगात मोठ्या मानाची समजतात.

चौथा प्रकार म्हणजे पूर्ण स्वतंत्र पेटी, तिला हार्नेसही नवा बांधावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या 'मोटेक' आणि 'हॅल्टेक', लिंकच्याच मोठ्या पेट्या, अमेरिकेची 'ए.ई.एम.' ही ह्यातली प्रसिद्ध नावे. 'मेगास्क्वर्ट' नावाची पेटी तर हौशी माणसाने स्वतः डाग देऊन जोडण्यासाठीच निघाली. ह्या पेट्या कोणत्याही इंजिनावर चालतात, पण सगळे आकडे आपल्याला भरावे लागतात.

पाचवाही एक प्रकार आहे, पण त्याला मी प्रकार मानीत नाही. दोन-चारशे रुपयांत "ताकद वाढवणारी चिप" म्हणून जे विकतात त्यात बहुधा एक रेझिस्टर असतो. आत येणारी हवा खरी आहे त्याहून थंड आहे असे तो पेटीला भासवतो. पेट्रोल थोडे जास्त जाते आणि गिऱ्हाईक समाधान पावते. एवढेच.

ओळख कशी पटवावी?

जुनी गाडी हातात येते तेव्हा तिच्यात ह्यातले काय बसले आहे हे मालकाला ठाऊक असतेच असे नाही. जपानच्या लिलावातून आलेल्या गाडीच्या तर तीन-चार मालकांचा इतिहास पुसलेला असतो. अशा वेळी पुढील क्रम मला उपयोगी वाटला.

प्रथम काही सोडण्याआधी फोटो काढावेत. पेटीचे, चिठ्ठीचे, प्रत्येक कपलरचे आणि मध्येच तोडून जोडलेल्या वायरींचे. ज्याने आयुष्यभर पंचनामे पाहिले आहेत त्याचा हा सल्ला समजा.

मग चिठ्ठीवरचा क्रमांक वाचावा. काही जपानी कंपन्यांच्या मूळ पेटीचा क्रमांक ठरावीक आकड्यांनी सुरू होतो. होंडाचा ३७८२०, निसानचा २३७१०, टोयोटाचा ८९६६१, सुबारूचा २२६११. हे आकडे दिसले तर खोके कारखान्याचे आहे, एवढेच सिद्ध होते. आतील माल कारखान्याचा आहे हे सिद्ध होत नाही. होंडाच्या क्रमांकात पुढे तीन अक्षरांची खूण असते आणि ती फार बोलकी आहे. १९९२ ते १९९५ च्या सुमाराच्या गाड्यांत पी०६ म्हणजे व्हीटेक नसलेल्या साध्या सिव्हिकची पेटी, पी२८ म्हणजे एका कॅमशाफ्टच्या व्हीटेक इंजिनाची, पी३० दोन कॅमशाफ्टच्या १६०० सी.सी. व्हीटेकची, आणि पी७२ इंटेग्राच्या १८०० सी.सी. व्हीटेकची. पण पी०६ मध्ये काही सुटे भाग लावून तिला व्हीटेक चालवायला शिकविता येते. म्हणजे येथेही चिठ्ठी अर्धेच सांगते.

तेव्हा तिसरी पायरी म्हणजे खोके उघडणे. बॅटरीची वायर काढून, हात जमिनीला जोडलेल्या धातूला लावून, मगच. त्या काळच्या होंडाच्या पेटीत फेरफार केला असेल तर २८ पायांचे सॉकेट आणि त्यात २७सी२५६ जातीची, ३२ किलोबाइट मावणारी चिप दिसते. शेजारी ७४एचसी३७३ क्रमांकाचा दुसरा तुकडा नंतर लावलेला असतो. डाग ताजे, चकचकीत किंवा ओबडधोबड असतील तर ते कारखान्याच्या यंत्राचे नव्हेत, माणसाच्या हाताचे आहेत. वर कोण्या नामांकित ट्यूनरची चिकटपट्टी असेल तर तिला पुरावा मानू नये. चिकटपट्टी कोणीही छापतो.

चौथी पायरी म्हणजे इंजिनाने हवा कशी मोजायची ठरविले आहे ते पाहणे. दोन पद्धती आहेत. एकीत वाटेतील मीटर प्रत्यक्ष हवा मोजतो, दुसरीत मॅनिफोल्डमधील दाबावरून हवा काढतात. पॉवर एफ.सी.वर एल-जेट्रो आणि डी-जेट्रो अशी जी नावे दिसतात त्यांचा अर्थ हाच. ही अक्षरे बॉश ह्या जर्मन कंपनीच्या पद्धतींवरून आली आहेत. जर्मन भाषेत लुफ्ट म्हणजे हवा आणि ड्रुक म्हणजे दाब. जी.टी.आर.मध्ये मुळात दोन हवामीटर असतात. ते काढून टाकलेले दिसले तर पेटी दाबावर चालणारी असलीच पाहिजे. सुप्राची गंमत अशी की, जपानमध्ये विकलेली टर्बो सुप्रा दाबावर चालते आणि अमेरिकेत विकलेली हवामीटरवर. इंजेक्टरही वेगळे, जपानचे मिनिटाला ४४० सी.सी.चे, अमेरिकेचे ५५० चे. गाडी एक, नाव एक, पण एकीची पेटी दुसरीला लावली तर हिशेब बसत नाही.

शेवटची पायरी म्हणजे पेटीकडे जाणाऱ्या वायरी इंजिनाच्या वायरिंग नकाशाशी एकेक करून ताडून पाहणे. दोन पेट्यांचे कपलर सारखे दिसले म्हणजे आतील पिना सारख्या असतात असे नाही. फळ्यावर उभे राहून वायरी ओढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

निवड कशी करावी?

आता पेटी घ्यायचीच असेल तर. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, "सगळ्यात चांगली कोणती?" हा प्रश्न चुकीचा आहे. वकील चांगला कोणता हे दावा कशाचा आहे त्यावर ठरते.

इंजिन कोणते, हे पहिले. आर.एक्स.७ चे इंजिन पिस्टनचे नसून फिरत्या रोटरचे आहे. त्यात दोन रोटर, चार इंजेक्टर, आणि प्रत्येक रोटरला पुढे-मागे पेटणारे दोन प्लग. इंजेक्टरांची पहिली जोडी ५५० ची, दुसरी ८५० ची, आणि दुसरी जोर पडल्यावरच उघडते. पेटीला हे सर्व वेगवेगळे हाताळता आले पाहिजे. ह्या इंजिनाला नॉकिंग मुळीच सोसत नाही, टोकाचे सील फुटतात. होंडासाठी व्हीटेकचा खटका कोणत्या फेऱ्यांवर मारायचा हे सांगण्याची सोय हवी. २००० नंतरच्या गाड्यांत पेटी ही ब्रेक, मीटर आणि चोरी रोखणाऱ्या किल्लीशीही बोलत असते. नवी पेटी ती भाषा बोलत नसेल तर गाडी चालूच होणार नाही, किंवा चालू होऊन डॅशबोर्डवर दिवाळी दिसेल.

दुसरे, इंजेक्टर. साधा मल्टिमीटर लावून त्यांचा रोध मोजावा. बारा-पंधरा ओहम आला तर जास्त रोधाचे, दोन-तीन ओहम आला तर कमी रोधाचे. कमी रोधाचे इंजेक्टर तसेच जोडले आणि पेटी त्यासाठी बनलेली नसेल, तर तिच्यातील ट्रान्झिस्टर जळतो. जी.टी.आर.मध्ये मूळ इंजेक्टर कमी रोधाचे असून त्यांच्या वाटेत वेगळा रेझिस्टर बसविलेला असतो. इंजेक्टर बदलताना त्या रेझिस्टरचे काय करायचे हा प्रश्न विसरला जातो आणि मग पेटीला दोष दिला जातो.

तिसरे, पेटी काय नोंदवते आणि केव्हा थांबवते. तेलाचा दाब पडला, पेट्रोल कमी पडू लागले, नॉकिंग झाले, तर ती जोर कमी करील काय? आणि काय घडले ह्याची नोंद ठेवील काय? मालकाला ही चैन वाटते. काम करणाऱ्या माणसाला ती साक्षीदार वाटते.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : तुमच्या गावात ती पेटी जाणणारा माणूस आहे काय? पेटी कितीही भारी असो, कोष्टक माणूसच भरतो. गाडी डायनोवर चढवून, धुराड्यात हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा सेन्सर लावून, एकेक घर तपासत तो जातो. आणि त्याआधी टायमिंग लाइट लावून एक गोष्ट पाहतो : पेटी जी ठिणगी पंधरा अंशांवर पाडली म्हणते ती पुलीवर खरोखर पंधरा अंशांवरच दिसते काय? हे जुळत नसेल तर पुढील सगळी घरे खोटी. हे न पाहता जो लॅपटॉप उघडतो त्याच्या हातात गाडी देऊ नये.

कायद्याचेही भान ठेवावे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील मूळ बनावटीशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जपानमध्ये खाजगी गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते, तीत धूर आणि आवाज पाहतात. ही शर्यतीची हौस शर्यतीच्या मैदानावर करावी, आळंदीच्या रस्त्यावर नव्हे.

कुलूप कोणाचे?

आणखी एक मुद्दा कामगार म्हणून मला बोलल्याशिवाय राहवत नाही. ती सोनेरी पेटी मी मघाशी सांगितली. तिच्यात आकडे भरण्याचे साधन कंपनीने नेमलेल्या ट्यूनरांनाच मिळत असे. दुसऱ्याने ती उघडून दुरुस्त करायची सोय नाही. काही पेट्यांत सुविधा आधीच भरलेल्या असतात, पण त्या उघडण्याचा पासवर्ड वेगळा विकत घ्यावा लागतो. कंपनीची बाजू मला समजते. अडाण्याच्या हातून इंजिने मोडू नयेत, आणि ट्यूनरने मेहनतीने भरलेले आकडे कोणी चोरू नयेत. पण दुसरी बाजूही आहे. जुन्या मिस्त्रीचे कसब त्याच्या कानात होते, ते कोणाला कुलूप लावून ठेवता आले नाही. आज तेच कसब ४०० घरांत लिहिले जाते. किल्ली दुसऱ्याच्या खिशात आणि जबाबदारी मात्र स्पॅनर धरणाऱ्याच्या माथ्यावर, ही व्यवस्था न्याय्य नाही. म्हणून पेटी घेताना लेखी विचारून घ्यावे : पासवर्ड कोणाकडे राहणार? भरलेल्या कोष्टकाची प्रत मला मिळणार काय? हे विचारायला लाजू नये.

भाच्याचे काय झाले?

गाडी होती १९९० च्या सुमाराची स्कायलाइन जी.टी.आर. गिऱ्हाइकाने सांगितले होते की आत पॉवर एफ.सी. आहे. फोरमनने ते मान्य केले आणि भाच्याला मोठे इंजेक्टर बसवायला सांगितले. मूळचे ४४४ चे होते, नवे ७०० चे. मुलाने विचारले, "हातातला फलक कुठं आहे?" उत्तर मिळाले, "तू बसव." त्याने बसविले. इंजिन पेट्रोलने गुदमरू लागले. मग फोरमनने स्वतः एक जुना मध्यस्थ लावून हवेचा निरोप ३७ टक्के कमी केला. ४४४ ला ७०० ने भागले की एवढेच येते. गाडी छान चालू लागली. तिसऱ्या दिवशी मैदानावर पूर्ण जोरात इंजिन मोडले.

मी त्याला खोके उघडून फोटो पाठवायला सांगितले. चिठ्ठीवर २३७१० ने सुरू होणारा क्रमांक होता. वर ट्यूनरची चिकटपट्टी, आत कोणीतरी लावलेली चिप. पॉवर एफ.सी. नव्हतीच. पेटीला वाटत होते भार दोनतृतीयांशाहूनही कमी आहे, म्हणून ती हलक्या भाराची ठिणगी पाडत होती आणि वरून टर्बो पूर्ण दाब देत होता. इंजेक्टर बसविणे ही चूक नव्हती, पेटी न ओळखणे ही चूक होती. आणि ओळख विचारणारा त्या गॅरेजात एकटा माझा भाचा होता.

त्या देशात १९८३ चा वेतन संरक्षण कायदा आहे. कामगाराच्या लेखी संमतीवाचून पगार कापता येत नाही. करारात सरसकट संमती घातलेली असली तरी मालकाला कपातीपूर्वी कामगाराशी बोलावे लागते, आणि अवाजवी कपात चालत नाही. आम्ही दोन पानांचे पत्र लिहिले. एका पानावर कायदा आणि एका पानावर हा हिशेब, फोटोंसह. हिशेबाचे पान मी पाच वेळा फाडून लिहिले. दुसऱ्या गॅरेजातल्या एका वयस्क ट्यूनरने ते वाचून खाली सही केली की, हे बरोबर आहे. कपात थांबली. आधी कापलेले दोन आठवड्यांचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत. मुलाचा व्हिसा त्या मालकाशी बांधलेला होता, म्हणून त्याने पुढे भांडण वाढविले नाही. मी त्याला भित्रा म्हटले नाही. आता तो दुसरीकडे आहे आणि कोणतीही गाडी आली की प्रथम फोटो काढतो.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात अशी गाडी उभी असेल. पण पेटी प्रत्येकाच्या कामात कुठे ना कुठे आली आहे. ती आपल्याला नोकरीवर घेते, हजेरी मांडते, चूक कोणाची ते ठरवते. मी बारा वर्षे वायरी बांधल्या आणि टोकाला काय आहे ते विचारले नाही. तुम्ही विचारा. चिठ्ठी वाचा, झाकण उघडायला सांगा, आणि किल्ली कोणाकडे आहे ते लिहून घ्या. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.